निखारा अंगणातच बरा

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझी थोरली बहीण मावळात, तिकोणा पेठेला राहते. घराच्या पाठीशी तिकोणा किल्ला, ज्याला वितंडगड असंही नाव आहे, आणि समोर पवना धरणाचं पाणी. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, जर्मनीहून बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन महिन्याभरासाठी आला. मीही तिथेच मुक्कामाला होतो. आल्या आल्या त्यानं जाहीर केलं, "मामा, या वेळी मी सगळ्यांना घरी स्टेक करून घालणार."

आक्कानं विचारलं, "म्हंजी काय रं?"

"आई, मटणाचा जाड काप. वाटण नाही, रस्सा नाही. नुसतं मीठ लावून जाळावर भाजायचा."

आक्का माळकरी. गेली वीस वर्षं तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ती म्हणाली, "माझ्या चुलीवर नगं. अंगणात तीन दगड मांडा आन् काय करायचं ते करा." मग दारातून आत जाता जाता वळून म्हणाली, "आन् जाळावर काय भाजतोस? आधी इंगळ हू दे."

मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. घरच्या घरी मांस कसं भाजावं, हे सांगताना मला आक्काच्या या दोन वाक्यांच्या पलीकडे फारसं जावं लागत नाही. पहिलं, जाळावर नव्हे, निखाऱ्यावर भाजा. दुसरं, अंगणात भाजा. पहिल्या वाक्याचं शास्त्र मी त्याच दिवशी भाच्याला समजावून सांगितलं. दुसऱ्याचं महत्त्व मात्र मला आठ दिवसांनी, रात्री साडेअकराला कळलं. ती हकिकत शेवटी सांगणार आहे, कारण खरं तर तेवढ्यासाठीच मी आज बोलतो आहे.

आधी स्टेकबद्दल. परदेशात स्टेक म्हणजे बहुधा गोमांसाचा बोटभर किंवा त्याहून जाड काप. आपल्या राज्यात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही ती लागू झाली. म्हशीचं मांस त्या बंदीत येत नाही. पण मावळातल्या घरात मटण म्हणजे बोकडाचं. तेव्हा आमचा स्टेक बोकडाचाच होणार होता.

भाजणं आपल्याला नवीन नाही. वांग्याचं भरीत आपण भाजूनच करतो. सुके बोंबील चुलीतल्या निखाऱ्यावर टाकतो. वाटणासाठी कांदा आणि खोबऱ्याची वाटी इंगळात खुपसतो. थंडीत शेतावर गोवऱ्यांची आगटी पेटवून ज्वारीचा हुरडा भाजतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात सळीला लावून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचेही प्रकार दिले आहेत. म्हणजे ही विद्या आपल्याकडे सुमारे नऊशे वर्षं लिहून ठेवलेली आहे. गॅसची शेगडी आली आणि आपण ती विसरलो, इतकंच.

आता पहिल्या रविवारची गोष्ट. भाचा सकाळी पवनानगरला गेला आणि ताजं, नुकतंच कापलेलं मटण घेऊन आला. मांडीचे जाड काप त्यानं मुद्दाम सांगून करवून घेतले होते. तीन दगड मांडले, लाकडं पेटवली, वर जाळी ठेवली. जाळ चांगला हातभर उठला होता. काप त्यावर टाकले. पाच मिनिटांत ते बाहेरून काळे झाले. आत मात्र गुलाबी, आणि दातांना असे की वहाणेचा तळ चावतो आहोत असं वाटावं. भाच्याची मुलगी म्हणाली, "बाबा, आजीचा पिठलं-भाकरीच बरी." तिचं मराठी जर्मनीत वाढलेलं, पण निकाल बरोबर होता.

काय चुकलं? तीन गोष्टी चुकल्या.

पहिली चूक ताजेपणाची. आपल्याला ताजं म्हणजे चांगलं असंच वाटतं, आणि भाजीच्या बाबतीत ते खरंही आहे. मांसाचं तसं नाही. जनावर मारल्यानंतर काही तासांत त्याचे स्नायू आखडून ताठ होतात. स्नायूतली साठवलेली शक्ती संपते आणि त्याचे तंतू एकमेकांत अडकून बसतात. पुढे मांसातलीच पाचक द्रव्यं ते तंतू हळूहळू सैल करतात. बोकडाच्या बाबतीत याला साधारण एक दिवस लागतो. परदेशात स्टेकचं मांस गोठणबिंदूच्या जरा वर, थंडाव्यात आठवडा-दोन आठवडे टांगून मुरवतात. आपण सकाळी कापलेलं दुपारी ताटात घेतो, म्हणजे नेमकं ते सर्वांत ताठ असतं तेव्हा. मग आपलं मटण मऊ कसं होतं? कारण आपण त्याचा रस्सा करतो. पाण्यात तासभर रटरटलं की मांसातला चिवट पांढरा भाग, ज्याला कोलॅजन म्हणतात, तो विरघळून जिलेटिन होतो. रश्शाला जो चिकट दाटपणा येतो तो त्याचाच. भाजताना ना पाणी असतं ना तेवढा वेळ. म्हणून भाजायचं मटण आदल्या दिवशी आणावं, झाकून फ्रिजमध्ये ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी वापरावं.

दुसरी चूक भागाची. जे स्नायू चालतात, चढतात, उड्या मारतात, ते चिवट. मावळातला बोकड दिवसभर डोंगर चढतो. त्याच्या मांडीची काय कथा! पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूला फारसं काम नसतं. तिथल्या हाडासकट कापलेल्या तुकड्याला आपल्याकडे चाप म्हणतात. भाजायला कोवळ्या बोकडाचे चाप घ्यावेत आणि निदान इंचभर जाड कापून मागावेत. पातळ तुकडा बाहेरून लाल होईपर्यंत आतून कोरडा पडतो. मांडीच वापरायची असेल तर अर्धा किलोला चहाचा एक चमचा कच्च्या पपईचा कीस लावून अर्धा-पाऊण तास ठेवा. पपईतलं पपेन मांसाचे तंतू तोडतं. पण रात्रभर ठेवलंत तर मांस पिठासारखं भुगभुगीत होईल.

तिसरी चूक जाळाची. आक्काचं म्हणणं इथे येतं. भाजलेल्या पदार्थाला जो खमंग वास आणि तांबूस रंग येतो, त्याची क्रिया १९१२ साली मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सांगितली. प्रथिनांचे घटक आणि साखरेचे घटक उष्णतेनं एकत्र येतात आणि त्यातून शेकडो नवी द्रव्यं तयार होतात. भाकरीवरचे डाग, भाजलेला कांदा, कॉफीचे दाणे, सगळीकडे हीच क्रिया. ती जोमानं व्हायला १४० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते. पाणी मात्र १०० अंशांवर उकळतं. म्हणजे मांसाचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान शंभराच्या वर जात नाही. ते भाजत नाही, वाफवतं. म्हणून भाजण्यापूर्वी मांस स्वच्छ कपड्यानं टिपून कोरडं करायचं.

जाळ वेडावाकडा असतो. वारा आला की इकडे, पडला की तिकडे. त्याच्यात धूर असतो, काजळी असते. निखारा स्थिर असतो. तो धगीच्या किरणांनी तापवतो, उन्हासारखा. निखाऱ्यावर चरबी ठिबकून भडका उडाला, तर त्या धुरात आरोग्याला घातक अशी द्रव्यं असतात. काळं करपलेलं मांस खाऊ नये असं जाणकार सांगतात, ते यासाठीच.

निखारा लाकडाचा चालतो, पण लोणारी कोळसा सोयीचा. दगडी कोळसा चुकूनही घेऊ नका. त्याच्या धुरात गंधक असतं. बाभळीसारख्या कठीण लाकडाचा कोळसा जास्त वेळ धग देतो. आणि हा कोळसा विकत घेताना एक आठवण असू द्या. तो पाडणाऱ्यांत आपल्याच सह्याद्रीतली, रायगडकडची कातकरी कुटुंबं मोठ्या संख्येनं असतात. गाव सोडून, मुलाबाळांसह, ती महिनोन् महिने कोळशाच्या भट्ट्यांवर राबतात.

दुसऱ्या रविवारी आम्ही शहाणे झालो होतो. शनिवारी संध्याकाळी चाप आणून ठेवले. सकाळी अर्ध्या किलोला चहाचा सपाट एक चमचा मीठ चोळून पुन्हा झाकून ठेवले. मीठ लावलं की आधी पाणी सुटतं, मग तासाभरात तेच खारट पाणी मांस पुन्हा आत ओढून घेतं. म्हणून मीठ एक तर तासभर आधी लावावं, नाही तर अगदी जाळीवर ठेवताना. मधल्या वेळी लावलं तर मांस ओलंच जाळीवर जातं.

कोळसा पेटवला आणि त्यावर राखेची पांढरी साय धरेपर्यंत, म्हणजे अर्धा तास, थांबलो. भाचा अस्वस्थ. आक्का लांबून ओसरीवर बसून, पदर नाकाला लावून सूचना देत होती. "एका अंगाला लोट समदं." भरीत भाजणाऱ्या बाईला हे ठाऊक असतं. निखारे सगळीकडे सारखे पसरायचे नाहीत. एका बाजूला ढीग, दुसरी बाजू रिकामी. ढिगावर रंग आणायचा, रिकाम्या बाजूला आत शिजवायचं. धग किती आहे हे पाहायला तळहात जाळीच्या जरा वर धरा आणि मनात आकडे मोजा. दोन-तीनला हात काढावा लागला तर धग कडक. पाच-सहापर्यंत टिकला तर मध्यम.

कडक धगीवर दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं, चिमट्यानं उलटत. मग रिकाम्या बाजूला सरकवून वर पातेलं पालथं घालायचं, आठ-दहा मिनिटं. पुष्कळ जण सांगतात की आधी कडक भाजलं की मांसाची भोकं बंद होतात आणि रस आत राहतो. एकोणिसाव्या शतकात लीबिग या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञानंही असंच मांडलं होतं. ते खरं नाही. भाजलेलं मांस जाळीवर चुरचुरतं, तो आवाजच रस बाहेर येत असल्याचा आहे. कडक धग चवीसाठी, रस राखण्यासाठी नव्हे.

रस राहतो तो आतलं तापमान सांभाळल्यानं. पन्नास अंशांपासून मांसातली प्रथिनं आवळू लागतात. सत्तरीच्या आसपास ती कपडे पिळावेत तशी पाणी पिळून टाकतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा दंडक असा: अखंड तुकडा आत ६३ अंश आणि मग तीन मिनिटं विसावा, खिमा ७१, कोंबडी ७४. खिम्याला जास्त का? कारण जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. खिमा करताना पृष्ठभागच आत मिसळला जातो. आपल्याकडे मटण उघड्यावर टांगलेलं असतं, घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतात. तेव्हा मी म्हणेन, आत सत्तरपर्यंत जाऊ द्या. परदेशी पाहुणा नाक मुरडेल, पण पोट बिघडणार नाही. पदार्थात खुपसायचा थर्मामीटर आता सहज मिळतो. त्याचं टोक हाडाला लागू देऊ नका. आणि कापल्यावर जो तांबडा रस दिसतो तो रक्त नव्हे. ते मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचं पाणी.

जाळीवरून काढल्यावर पाच मिनिटं हात लावायचा नाही. आवळलेले तंतू सैलावतात, रस थोडा घट्ट होतो आणि ताटभर सांडत नाही. मग तंतू ज्या दिशेनं धावतात त्याच्या आडवे काप करायचे. आम्ही वर लिंबू पिळलं, बाजूला कांदा घेतला आणि इंद्रायणीचा भात. मुलीनं चार तुकडे खाल्ले. भाचा म्हणाला, "मामा, जमलं." आक्कासाठी त्याच निखाऱ्यावर नव्हे, वेगळ्या दगडांवर भरताचं वांगं भाजलं होतं.

इथे भाषण संपायला हवं होतं. पण ती रात्र राहिली.

धरणावरून वारा सुटला. गारठा असा की पोरगी कुडकुडायला लागली. कोळशाची पिशवी अर्धी उरली होती. मला आठवलं, लहानपणी थंडीत आमच्याकडे आई शेगडी पेटवून खोलीत ठेवायची आणि आम्ही भावंडं भोवती झोपायचो. मी आक्काची जुनी लोखंडी शेगडी माळ्यावरून काढली, अंगणात कोळसा फुलवला आणि धूर पूर्ण गेल्यावर ती आत आणली. आक्काही म्हणाली, "बरं केलंस." दार लावलं, खिडक्या सरकवून बंद केल्या. पाच माणसं एका खोलीत गप्पा मारत बसलो.

साडेअकराच्या सुमारास मुलीला उलटी झाली. डोकं दुखतं म्हणाली. भाच्याच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "मटण बाधलं वाटतं." मलाही तसंच वाटलं. माझंही डोकं ठणकत होतं. भाचा उठायला गेला तर त्याला भोवंड आली. तेवढ्यात आक्का म्हणाली, "माझं बी कपाळ लई दुखतंय."

आक्कानं मटणाला बोटही लावलं नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी धडपडत दार उघडलं, खिडक्या उघडल्या, मुलीला उचलून अंगणात आणलं, सगळ्यांना बाहेर काढलं. १०८ ला फोन केला. रुग्णालयात प्राणवायू लावला. सकाळपर्यंत सगळे बरे झाले. झोप लागली असती तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीनं त्याला धरून बसतं. मग शरीर आतून गुदमरतं आणि माणसाला वाटतं, नुसती झोप येते आहे. नीट लक्षात घ्या. जो निखारा मांस भाजायला उत्तम, बिनधुराचा, राखेची साय धरलेला, तोच बंद खोलीत सर्वांत फसवा. लाकडाचा धूर निदान खोकला आणून बाहेर हाकलतो. निखारा काहीच सांगत नाही. विझत आलेली शेगडीही तासन् तास हा वायू सोडत राहते.

मग आई खोलीत शेगडी ठेवायची, ते कसं चालायचं? या प्रश्नानं मी पुष्कळ दिवस हैराण होतो. उत्तर घराच्या छपरात होतं. आमचं जुनं घर कौलारू. कौलांच्या फटींतून, भिंत आणि वाशांच्या मधून वारा खेळायचा. तो धोका तेव्हाही होता, पण घरच थोडंफार राखत होतं. आक्काचं आताचं घर स्लॅबचं, घट्ट सरकत्या खिडक्यांचं. शेगडी तीच राहिली, घर बदललं. आणि हे रसायनशास्त्राच्या मास्तरच्या लक्षात आलं नाही. तीस वर्षं मी फळ्यावर हेच समीकरण लिहीत होतो.

पवनेच्या काठावर थंडीत शेकडो तंबू लागतात. मांस, पनीर, मक्याची कणसं भाजली जातात. मग रात्री गारठा वाढतो आणि उरलेला निखारा तंबूत घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. दवानं भिजलेल्या कापडातून हवा जवळजवळ जात नाही. गाडीतही नको, बंद गॅलरीतही नको. पावसामुळे स्वयंपाकघरात कोळसा पेटवायचाही नाही. त्या दिवशी तवा वापरा. बादलीभर पाणी शेजारी ठेवलं की वायू शोषला जातो, असं काही जण सांगतात. हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही. करोनाच्या दिवसांत घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. त्याच्यावरही विसंबू नका. त्याला प्राणवायू आणि हा वायू यांतला फरक कळत नाही; तो अठ्ठ्याण्णव दाखवेल आणि माणूस कोसळेल. एकाच खोलीतल्या अनेकांचं डोकं एकदम दुखू लागलं तर जेवणाला दोष देण्याआधी दार उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

भाजणं झाल्यावर निखाऱ्यावर पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा पाणी ओता. सगळं गार झाल्याचं हाताला कळेपर्यंत तिथून हलू नका.

गेल्या हिवाळ्यात भाचा पुन्हा आला होता. पुन्हा चाप भाजले, या वेळी पहिल्याच खेपेला जमले. थंडी वाजली तेव्हा आक्कानं गोधड्या काढल्या. शेगडी अंगणातच होती. पोरीनं विचारलं, "आजी, ती आत नाही आणायची?" आक्का म्हणाली, "न्हाई बाय. तिची जागा भाईरच."